खालच्या नळीची क्लिप

बस समजून नोएलने हात केला तो कचऱ्याच्या गाडीला. नुसता वर केला नाही; त्याच्या नेहमीच्या पद्धतीने खांद्यापासून सरळ, रस्त्याला काटकोनात लांब केला. गाडी थांबलीसुद्धा. चालवणाऱ्या पोराने काच खाली करून विचारलं, “काय काका, कुठे सोडू? कचरा जाळायच्या भट्टीपाशी चालेल?” त्याच्या शेजारी बसलेले दोघे खिदळले. नोएलही हसला. “आज नको. थोडं आयुष्य शिल्लक आहे अजून,” तो म्हणाला, आणि गाडी पुढे निघून गेली. तिच्या मागून आलेली बस, फिकट निळी, विजेवरची, कसलाही आवाज न करता त्यांच्यासमोरून सरकत गेली. कारण तिला कोणी हात केला नव्हता. त्याची बायको ग्लेनिस तेव्हा बसकडे बघतच नव्हती. ती नोएलकडे बघत होती. “गंमत केली जरा,” तो म्हणाला. तिने मान हलवली आणि इंजिन थंड ठेवायच्या कूलंटचा जड डबा या हातातून त्या हातात घेतला.

पुढची बस येईपर्यंत तिने ते डोक्यात नीट मांडून पाहिलं, जसं ती पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एखादा विचित्र आकडा आला की मांडून पाहायची: आधी यंत्राची चूक, मग नमुन्याची, मग आपली. नोएलने उभा जन्म कॉव्हेन्ट्रीच्या एका कारखान्यात इंजिनं चाचणीला लावण्यात घालवला होता. भिंतीपलीकडून इंजिन ऐकून तो सांगायचा, तिसरा सिलिंडर झोपलाय. फोलशिल रोडवरच्या जुन्या बसचं डिझेल इंजिन त्याला लांबूनच कळायचं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो उठून उभा राहायचा. आता बस विजेवर चालतात, त्यांना आवाज नाही. कचऱ्याच्या गाडीचा आवाज मात्र जुन्या बससारखा आहे. म्हणजे तो बघून हात करत नव्हता, ऐकून करत होता. इथवर ती आली आणि थांबली. पुढची पायरी स्वच्छ दिसत होती, पण तिच्यावर पाय ठेवायला ती तयार नव्हती. किती दिवस हे चाललं असेल, एवढंच तिने स्वतःला विचारलं.

खरं तर तिला माहीत होतं. हिवाळ्यात एकदा न्हाणीघराचं दार उघडं राहिलं होतं आणि नोएल आत भिंतीसमोर उभा होता, डाव्या डोळ्यावर तळहात, उजवा उघडा, मग उलट. तो फरशांकडे बघत होता. पांढऱ्या फरशा, त्यांच्यामधल्या करड्या रेघा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की सरळ रेघा वाकलेल्या दिसतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि विसरली नव्हती. ती पाऊल न वाजवता मागे फिरली. त्यानंतर तो एकदा एकटाच डोळ्यांच्या इस्पितळात जाऊन आला. विचारलं तर म्हणाला, “वय झालंय म्हणतात. हे सांगायला त्यांना एवढी मोठी इमारत लागते.” तेव्हापासून तो बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नसे, तिच्या उजव्या कानाकडे बघे. सुरुवातीला तिला वाटलं, कानातलं पडलं की काय. मग समजलं. अंधुक तारा बघायचा तर त्याच्या जरा बाजूला बघावं लागतं, हे शाळेत बाईंनी शिकवलं होतं. तो तिच्या कानाकडे बघत होता, कारण त्यामुळे तिचा चेहरा त्याला काठावर कुठेतरी दिसत होता. मधोमध जे बघावं ते नाहीसं होत होतं.

घरामागच्या बोळात त्यांचं गॅरेज. आत गाडी उभी होती. विकत घेतलेली नव्हे. खोक्यांतून सुटी आलेली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, तीन फायबरचे पत्रे, स्क्रूच्या पिशव्या. इंजिन भंगारातल्या एका सेडान गाडीतून काढलेलं. इथे पुष्कळ पुरुष निवृत्त झाले की असं काहीतरी घेतात. कारखाने बंद झाले तरी हात बंद होत नाहीत. नोएलची गाडी त्याच्या निवृत्तीपासून बनत होती आणि आता बनत आली होती. छप्पर नाही, दारं नाहीत, दोन माणसांची जागा, नाक इतकं खाली की समोर गुडघे टेकूनच काम करायचं. पुढच्या आठवड्यात ती तपासणीला जायची होती. शेजारचा मोहिंदर पुरेवाल आपल्या ट्रेलरवर घालून नेणार होता. तपासणीत पास झाली की नंबर मिळेल, आणि नंबर मिळाला की नोएल ती चालवत वेल्समध्ये ॲबरडोव्हीला नेणार होता, शेजारी ग्लेनिसला बसवून. हे त्याने इतक्यांदा आणि इतक्या लोकांना सांगितलं होतं की ते आता घडून गेल्यासारखं वाटायचं. तिला त्याला एक वाक्य सांगायचं होतं. तू आता गाडी चालवू शकत नाहीस, नोएल. सहा-सात शब्द. तिने ते भांडी घासताना म्हणून पाहिलं होतं, जिन्यावर म्हणून पाहिलं होतं. आणि दर वेळी ते तोंडातून निघायच्या आत दुसरं वाक्य उगवायचं: मग कोण चालवणार, तू?

कारण ती कधीच चालवत नव्हती. नऊ वर्षांची असताना नुनीटनच्या शाळेत ती प्रार्थनेच्या वेळी फिट येऊन पडली, आणि त्यानंतर तिला सायकल नाही, तलाव नाही, शिडी नाही. आधी गोड वास यायचा. नसलेला वास, जळक्या साखरेच्या अलीकडचा, आणि त्यामागोमाग जग एका बाजूला कलायचं. गोळ्यांनी ते थांबलं. पस्तिशीनंतर एकदाही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल परवाना काढा. नोएलने तिला एका रविवारी कारखान्याच्या रिकाम्या आवारात आपल्या गाडीत बसवलं होतं. “क्लच हळू सोड. हळू म्हणजे, पाव कापताना सुरी कशी...” ती क्लचवर पाय ठेवून बसून राहिली. काहीच झालं नव्हतं, वासही नव्हता. पण काही न होणं हा कसला पुरावा? आपण बरे आहोत याचा पुरावा म्हणजे फक्त ते पुन्हा आलं नाही एवढाच, आणि अशा पुराव्यावर तिने प्रयोगशाळेत कधी सही केली नसती. ती उतरली. “बरं,” नोएल म्हणाला, “मी आहेच की.” त्या तीन शब्दांवर त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. दुकान, इस्पितळ, तिच्या आईची अंत्ययात्रा, समुद्र. तो होताच.

घरी आल्यावर नोएलने कपडे बदलले आणि ते गॅरेजमध्ये गेले. दुपारचं मार्चचं ऊन बोळातून तिरकं आत येत होतं. इंजिनावरचं बाकी सगळं बसून झालं होतं: अल्टरनेटर, त्याचा पट्टा, पाण्याचा पंप, रेडिएटर, त्यामागचा पंखा. राहिली होती रेडिएटरच्या तळापासून पंपापर्यंतची जाड रबरी नळी. नोएल पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. तिला त्याचे फक्त बूट आणि वर नळ्यांमधून चाचपडणारी बोटं दिसत होती. बोटं पंपाच्या तोंडावरून फिरली, तिथल्या उंचवट्यावर क्षणभर थांबली, मग नळी वर चढवली. नळी आवळून धरणारी पत्र्याची क्लिप या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे. म्हणजे रबर मागे सरकायला गेलं तरी उंचवटा अडवतो. बाहेरच्या बाजूला बसली तर थंड असताना सगळं ठीक दिसतं; तापून दाब वाढला की नळी निघते. नोएलनेच तिला हे शिकवलं होतं. गेल्या काही महिन्यांत त्याने लावलेल्या क्लिपांपैकी निम्म्या बाहेर बसत होत्या. तो चहा प्यायला आत गेला की ती खिशातल्या पेचकसाने त्या सैल करायची, आत सरकवायची, पुन्हा आवळायची, आणि पेचावरची चकाकी फडक्याने पुसून मळकट करायची. हे ती शांतपणे करायची, जसं प्रयोगशाळेत नवशिक्याने सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली काच हळूच सरळ करायची. त्यातून काय वाढत चाललं आहे, हे तिने मोजलं नव्हतं. ती दुरुस्त करत होती म्हणून गाडी पुरी होत होती. गाडी पुरी होत होती म्हणून तो चालवणार होता.

“उस्ताद!” भिंतीवरून मोहिंदरच्या फेट्याचं टोक आणि त्याखाली चेहरा वर आला. “आज सुरू होतेय म्हणे? माझी पैज आहे बरं का हिच्यावर. मी म्हटलं होतं, नोएलची गाडी व्हायच्या आत पेट्रोल विकायचंच बंद होईल.”

“तू भिंतीवरून उतर. ती पण मीच बांधलीय, पडशील.” गाडीखालून नोएल.

“भाभी, हा पहिल्या दिवशी तुम्हाला बसवणार ना? आधी विमा काढा.”

“काढलाय,” ग्लेनिस म्हणाली. “तुमच्या नावावर.”

मोहिंदर मनापासून हसला. मग तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “मंगळवारी ट्रेलर आणतो. आणायचाच ना?” गाडीखालचे बूट हलायचे थांबले. तिला कळलं की इथे, या भिंतीवर कोपर टेकलेल्या माणसासमोर, ते वाक्य म्हणता आलं असतं. किंवा नुसतं, नको, एवढंच. “आणा,” ती म्हणाली. “बरं,” मोहिंदर म्हणाला. “मी गुरुद्वाऱ्यात चाललो. आज कांदे चिरायची पाळी माझी. रडायला कारण लागतं माणसाला.” फेटा खाली गेला.

नोएल गाडीखालून निघाला. “झालं. पाणी भर.” तिने वाकून पाहिलं. क्लिप बाहेरच्या बाजूला होती. पंपाच्या उंचवट्याच्या अलीकडे, नुसत्या रबरावर, छान घट्ट आवळलेली. पेचकस तिच्या खिशात होता. “आधी चहा घेतोस?” तिने विचारलं. “नंतर. आज आधी हे.” तो तिच्या कानाकडे बघत हसत होता, आणि त्याचा चेहरा असा होता की तिला ॲबरडोव्हीची पहिली सहल आठवली, तेव्हाच्या निळ्या गाडीत, डोंगर चढताना. उष्णतेचा काटा वर वर चालला होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बसली होती. एकाएकी काटा खाली आला. “उतरला,” ती आनंदाने म्हणाली, आणि नोएलने त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. “उतरला म्हणून खूश होऊ नकोस,” तो म्हणाला होता. “पाणी होतं तोवर त्याला कळत होतं. पाणीच संपलं. आता त्याला काही लागतच नाही, तो काय सांगणार?” ते दोघं गवतात बसून राहिले होते, इंजिन निवेपर्यंत. खाली समुद्र होता आणि तिच्या हातात उकडलेली अंडी होती. तो शोध तिला फार आवडला होता तेव्हा. एखादं यंत्र सगळ्यात शांत दिसतं तेव्हा त्याचा जगाशी संबंध तुटलेला असू शकतो. पुढे कित्येक वर्षं, रात्रीच्या जेवणाला ते एकमेकांसमोर काही न बोलता बसत, आणि तिला वाटे, किती निवांत चाललंय आपलं.

तिने पाणी आणि हिरवं कूलंट मिसळून वरच्या टाकीत ओतलं. या गाडीचं नाक इंजिनापेक्षा खाली, त्यामुळे हवा वरच्या वळणात अडकते. ती काढायला नळ्या हाताने दाबाव्या लागतात. हे काम दोघांचं. नोएल पुढे गुडघ्यावर बसून खालची नळी दाबायचा, ती इंजिनापाशी वरच्या नळीवर तळहात ठेवून थांबायची. त्याने दाबलं की पाण्याचा एक गोळा रेडिएटरमधून वर चढत तिच्या तळहाताखालून जायचा. “आलं?” “आलं.” मग ती दाबायची. “आलं?” “हं, आलं.” टाकीत बुडबुडे फुटायचे. असा बराच वेळ गेला. त्याचा हात तिला दिसत नव्हता, तरी त्याचा जोर तिच्या हातात येत होता, आणि तिला वाटलं की इतक्या वर्षांत आपण एकमेकांना एवढंच नीट सांगू शकलो: तिकडून निघालेलं इकडे पोचलं का. खालची नळी त्याच्या हातात होती. अजून सांगता आलं असतं. क्लिप बाहेर बसलीय, नोएल. पण त्या वाक्याच्या पोटात ते दुसरं वाक्य होतं. एक बाहेर काढलं की दुसरं आपोआप येणार होतं, नाळेसकट. “बास,” तो म्हणाला. “हवा संपली.”

दोघं आत बसले, तो उजवीकडे, ती डावीकडे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. समोर उघडं गॅरेज, बोळ, मोहिंदरची भिंत, तिच्यावर ऊन. तक्त्यावर मधोमध उष्णतेचा घड्याळासारखा डबा, काळा, पांढऱ्या आकड्यांचा. नोएलने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं आणि लागलं, आणि त्याचा चेहरा बदलला. डोळे मिटून तो ऐकत होता. तिने त्याला इतकं तरुण पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. “ऐक,” तो म्हणाला, “चारही जागे आहेत.” तो पायाने हळूहळू वेग वाढवत होता. सांगाडा थरथरत होता, आसन थरथरत होतं, तिचे दात एकमेकांवर बारीक वाजत होते. काटा चाळीस सोडून वर निघाला. पन्नास. साठ. “नव्वदला आला की पंखा लागेल,” नोएल म्हणाला. आणि थोड्या वेळाने, डोळे उघडून, तक्त्याकडे तोंड करून: “आला. बघ. नव्वद. पक्का.”

काटा सत्तरवर होता.

तिने काटा पाहिला, मग त्याला. तो आकड्यांच्या थोडं वर, कुठेतरी काचेच्या कडेकडे बघत होता आणि समाधानाने मान हलवत होता. इंजिनाच्या वयाचा, हवेच्या गारव्याचा, गेलेल्या मिनिटांचा हिशोब करून त्याने नव्वद काढले होते. चांगला हिशोब होता, थोडासाच चुकला होता. रस्त्यावर एवढी चूक म्हणजे एक सायकलवाला. फुटपाथवरून उतरलेली एक बाई. ग्लेनिसने ती पायरी शेवटी उतरून पाहिली, आणि खाली काहीच नव्हतं, सकाळपासून तिला वाटत होतं तसंच. मंगळवारी ट्रेलर येईल. तपासणारा माणूस पत्र्याच्या कडा बोटाने तपासेल, दिवे तपासेल, चालवणाऱ्याचे डोळे तपासणार नाही. पास होईल. गाडी चांगलीच झाली होती. तिनेच ती चांगली करून ठेवली होती.

मग काटा खरोखर नव्वदला पोचला, आणि पंखा लागला. नोएलच्या कपाळावर एक बारीक आठी आली. पंखा उशिरा लागला, हे त्याच्या कानांनी टिपलं होतं. इंजिन चालत राहिलं. आणि तेव्हा तो वास आला. गोड. जळक्या साखरेच्या अलीकडचा. तिने आसनाची कड धरली आणि जग कलायची वाट पाहिली. तीसेक वर्षांनी, इथे, आता. ऊन भिंतीवर जिथे होतं तिथेच राहिलं. काही कललं नाही. मग खालून एक मऊ आवाज झाला, बाटलीचं बूच निघाल्यासारखा, आणि पाठोपाठ पाण्याचा सळसळाट. आणि तिला कळलं की वास तिच्या डोक्यातला नाही. पंखा थांबला. काटा थरथरला, शंभराकडे झेपावला, आणि सावकाश, एखादं माणूस खुर्चीत बसावं तसा, खाली येऊ लागला. ऐंशी. साठ.

नोएलचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या. कारखान्यातल्या त्या माणसाला, ज्याला भिंतीपलीकडचा सिलिंडर कळायचा, हा वास कळला नाही असं होणं शक्य नव्हतं. त्याने तोंड तिच्याकडे वळवलं, तिच्या कानाकडे, आणि विचारलं, “काय म्हणतोय काटा?”

इतक्या महिन्यांत त्याने तिला प्रथमच विचारलं होतं. आपल्याला दिसत नाही, हे त्याने असं सांगितलं होतं. आता किल्ली फिरवायची, बंद करायचं, नळी लावायची, क्लिप आत सरकवायची, तासाभराचं काम. मंगळवारच्या आत आरामात. इंजिनाच्या आवाजात एक कोरडी किणकिण मिसळू लागली होती. तिने काट्याकडे पाहिलं. तो तळाशी जाऊन स्वस्थ पडला होता.

“नव्वद,” ती म्हणाली.

“नक्की?”

“पक्का.”

“मग ठीक आहे,” नोएल म्हणाला, आणि पाय आणखी खाली दाबला.

किणकिण ठोक्यांत बदलली. रंग जळल्याचा वास आला, मग तापल्या लोखंडाचा. सांगाडा आता थरथरत नव्हता, आचके देत होता. ती समोर बघत होती, तो समोर बघत होता, आणि त्यांच्यामध्ये तो काळा डबा शांत होता. इंजिनाने दम तोडायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. शेवटी ते घट्ट होत गेलं, एखादी मूठ आवळत जावी तसं, आणि एका झटक्यात थांबलं. बोळात शांतता झाली. कुठेतरी पत्रा आकसताना टिक, टिक वाजत होता. तिच्या बुटांखालून हिरवं पाणी उताराने उंबऱ्याकडे चाललं होतं.

नोएलने स्टिअरिंगच्या चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. “इंजिनाचं हेड वाकलं असणार,” तो म्हणाला.

“हो.”

“ब्लॉकही गेला असेल कदाचित.”

“असेल.”

“भंगारच झालं म्हणायचं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती का, हे तिने शोधलं, तीही नव्हती. “मोहिंदरला सांगायला हवं, ट्रेलर नको म्हणून. काय सांगशील?”

“गाडी बिघडली, सांगेन.”

“हं. गाडी बिघडली.” त्याने ते तोंडात घोळवून पाहिलं. मग, जणू दुसराच काही विषय असावा तसं, तो म्हणाला, “खालच्या नळीची क्लिप तू परत नव्हती ना लावलीस?”

तिच्या खिशातला पेचकस तिला मांडीवर बोचला.

“नाही,” ती म्हणाली. “ती राहिली.”

“मला वाटलंच. बाकीच्या सगळ्या नीट बसल्या होत्या.” तो तिच्या कानाकडे बघत होता. ऊन भिंतीवरून उतरून बोळात पडलं होतं आणि आता तेही थोडंच राहिलं होतं. तिला त्याच्याकडे तोंड वळवायचं होतं, पण वळवलं असतं तर ती नेमकी मधोमध आली असती आणि त्याला दिसेनाशी झाली असती. म्हणून ती समोर बघत तशीच बसून राहिली.